ब्रश नवा, पण पावडरच्या बरणीचं काय?

घटनास्थळावर ज्यांना बोटांचे ठसे आणि डीएनए दोन्ही उचलावे लागतात, त्यांच्यासाठीचं हे एकदाच वापरायचं किट. फायबरग्लासचे ब्रश, ठसे उठवायच्या काळ्या पावडरच्या छोट्या डब्या, स्वॅब म्हणजे डीएनए टिपून घ्यायच्या काड्या आणि प्लास्टिकचे चिमटे, सगळं वेगवेगळ्या पाकिटांत सीलबंद. सध्या माझ्या बॅगेत हेच असतं. पाचपैकी चार तारे.

आधी डब्यांबद्दल, कारण खरे पैसे त्यांचेच आहेत. एरवी काय होतं, तर ब्रश कोरा करकरीत काढायचा आणि बुडवायचा मात्र चार घरं फिरून आलेल्या त्याच मोठ्या बरणीत. दाराच्या मुठीवर फिरवलेला ब्रश परत बरणीत गेला की मुठीवरच्या पेशी पावडरीत, तिथून खिडकीच्या काचेवर, आणि पुढे दुसऱ्याच गुन्ह्याच्या जागी. चुंबकी पावडरीचं तर विचारूच नका. उरलेली पावडर चुंबकाच्या कांडीने उचलून बरणीत परत सोडायची, हीच तिची रीत. या किटातली डबी जेमतेम एका कामापुरती असते. उरलेली पावडर ब्रशसकट फेकायची. जीव हळहळतो, पण फेकायची.

ब्रश मात्र ठीकठाक. अंगठा आणि बोटांत धरून गरगर फिरवला की तंतू फुलतात, काचेवर रेषा छान उठतात. ताज्या, ओलसर ठशावर जरा जोर पडला की बारीक ओरखडे येतात. खारीच्या केसांच्या ब्रशचा मऊपणा यात नाही. आमच्यातले जुने लोक म्हणतात, तोच ब्रश पुसून वापरू. कशाने पुसणार? सत्तर टक्के अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो. ब्लीच डीएनएची वाट लावतं, पण केसांचीही लावतं.

स्वॅबच्या पाकिटावर नुसतं 'निर्जंतुक' लिहिलेलं नाही, आयएसओ १८३८५ छापलंय. किट मागवताना मी पहिल्यांदा तेच शोधलं. हे २०१६ चं मानक आहे, आणि ते जंतूंबद्दल नाही, साहित्य बनवताना त्यात माणसाचा डीएनए शिरू नये यासाठी आहे. त्यासाठी बहुतेक उत्पादक इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. जर्मनीत हाइलब्रॉनला २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसेक घटनास्थळांवर निघाला. पोलिसांनी तिच्यासाठी तीन लाख युरोंचं बक्षीस लावलं. २००९ मध्ये कळलं की ती स्वॅबच्या पॅकिंगचं काम करणारी कामगार होती. ते स्वॅबही निर्जंतुकच होते!

तक्रारी दोन. पाकिटाला फाडायची खाच नाही. दोन जोड ग्लोव्हज घातलेल्या हातांनी ओढाताण करताना ब्रशचं टोक मनगटाला घासतं, म्हणजे एवढ्या सीलबंदीवर पाणीच. मी कडेला निर्जंतुक ब्लेडने चीर देते, पण हे काम कारखान्यातच व्हायला हवं. दुसरी तक्रार चिमट्यांची. फार लवचीक आहेत, सिगरेटचं थोटूक धरेपर्यंत वाकतात. म्हणून एक तारा कापला.

लॉट नंबरचा सुटा स्टिकर प्रत्येक पाकिटावर आहे, हे फार आवडलं. काढून थेट नोंदवहीत चिकटवायचा. उद्या भलत्याच माणसाचा डीएनए निघाला तर निदान कोणत्या लॉटमधून, हे तरी शोधता येतं. मागवाल तेव्हा सगळं एकाच लॉटचं मागा. त्यातला एक स्वॅब घटनास्थळी कशालाही न लावता, पाकिटातून काढून परत बंद करून, कोरा नमुना म्हणून प्रयोगशाळेत पाठवा. आणि ब्रश बदलताना ग्लोव्हजही बदला. त्याच ग्लोव्हजनी कॅमेरा धरलेला असतो, मास्क वर सरकवलेला असतो, आणि ग्लोव्हज या किटात येत नाहीत.