डेफब्लाइंड माणसाशी बोलायचं, त्याला घेऊन फिरायचं कसं: डिप्लोमा करू, साइन लँग्वेज शिकू, की घरच्या घरी जमेल?

डेफब्लाइंड म्हणजे ज्याचं बघणं आणि ऐकणं दोन्ही कमी किंवा पूर्ण गेलेलं. आधी एकच विचारते, नक्की कोणाचा हात धरायचाय तुम्हाला? कारण "ताई, डेफब्लाइंड लोकांसोबत काम करायचंय, कुठला कोर्स करू" असे जे मेसेज येतात ना, त्यात कोर्सचं नाव असतं, फी असते, सर्टिफिकेट मिळतं का हे असतं, फक्त समोरचा माणूस कोण हे नसतं. आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

म्हणजे बघा, एक असा माणूस की जो जन्मापासून बहिरा, साइन लँग्वेजमध्ये वाढलेला, आणि वयात आल्यावर ज्याची नजर कडेकडेने मिटत गेली, आधी रात्रीचं दिसेना मग आजूबाजूचं दिसेना, आता नळीतून बघावं तेवढंच उरलंय. अशर सिंड्रोम म्हणतात त्याला. दुसरी आमची आत्या, वय ७९, काचबिंदूने डोळे गेले आणि नंतर कानही गेले, आयुष्यभर मराठी बोललेली आणि वाचलेली बाई, साइनमधलं ओ की ठो माहीत नाही. आणि तिसरं म्हणजे एखादं लहान मूल, गरोदरपणात आईला रुबेला झाला म्हणून जन्मापासूनच बघणं-ऐकणं दोन्ही कमी, ज्याच्यापर्यंत अजून कुठलीच भाषा पोचलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे तिघंही बहुविकलांगतेखाली येणाऱ्या बधिरांधतेत बसतात, पण तिघांसाठी शिकायचं मात्र साफ वेगळं.

सगळ्यात स्वस्त पर्याय आधी घेते, घरच्या घरी तळहातावर अक्षरं काढणं. कोर्स नाही, फी नाही, एक दुपार पुरते. आत्याचं ऐकणं पूर्ण गेलं तेव्हा मी हेच केलं, आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडले, कारण मी शाळेत लिहितो तसं व्यवस्थित डोक्यावर रेघ ओढून "जेवण" लिहिलं आणि आत्या म्हणाली, अगं रेघोट्या काय मारतेस? तर शिरोरेघ काढायचीच नाही. अक्षरं एकापुढे एक लिहीत बसायचं नाही, तळहाताच्या मधोमध एकावर एक काढायची, मोठी, सावकाश, दर शब्दानंतर थांबायचं, चुकलं तर फळा पुसल्यासारखा हात पुसायचा. जोडाक्षरं सरळ मोडायची, "डाकटर" लिहिलं तरी कळतं. पण शिरोरेघ गेली की घ आणि ध, म आणि भ यांचा घोळ होतो, मी "घर" लिहिलं तर आत्या म्हणे काय धरू? आता ती संदर्भावरून बरोबर ओळखते. आणि मोठा फायदा म्हणजे ती स्वतः तोंडाने बोलते, त्यामुळे अर्धा संवाद फुकटातच होतो, लिहायचं फक्त मी.

इंग्रजी येणाऱ्या माणसासाठी कॅपिटल लेटर्स याहून सोपी. ब्रेल येत असेल तर अजून वेगवान रस्ते आहेत, जपानमध्ये १९८१ पासून फिंगर ब्रेल वापरतात, माणसाची बोटं म्हणजे जणू ब्रेल टाइपरायटरच्या सहा कळा असं समजून त्यावर टॅप करायचं. मराठी ब्रेलही सहा टिंबांचंच असल्यामुळे तत्त्व इथेही तेच चालतं, पण सत्तरी ओलांडल्यावर नव्याने ब्रेल शिकायची तयारी किती जणांची असते, प्रामाणिकपणे सांगा.

तर वय झाल्यावर दोन्ही गेलेले आई-बाबा, आजी, आत्या असतील तर कोर्सच्या मागे लागूच नका, हे पुरेसं आहे. पण हे साइनवाल्या माणसाला चालेल असं धरून चालू नका. ज्याची पहिली भाषा साइन आहे त्याला लिखित मराठी किंवा इंग्रजी ही परकी भाषा असू शकते, त्याच्या हातावर वाक्यंच्या वाक्यं लिहीत बसणं म्हणजे तुम्हाला कोणी मोडी लिपीत पत्रं पाठवण्यासारखं.

त्याच्यासाठी दुसरा पर्याय, इंडियन साइन लँग्वेज. दिल्लीचं साइन लँग्वेजचं सरकारी केंद्र आयएसएलआरटीसी २०१५ मध्ये सुरू झालं, त्यांचा दुभाषा व्हायचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे (बारावीनंतरचा) आणि हौशी लोकांसाठी छोटे बेसिक कोर्सही असतात. मुंबईकरांना बांद्र्याचं अली यावर जंग इन्स्टिट्यूट माहीत असेलच, १९८३ चं. इथे भाषा पक्की होते यात वाद नाही. अडचण अशी की हे सगळं शिक्षण डोळ्यांनी बघणाऱ्या बहिऱ्या माणसासाठी असतं. साइनमध्ये अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं, हो-नाहीचा प्रश्न विचारायचा तर भुवया वर, आणि ज्याला चेहराच दिसत नाही त्याला तुमचं "जेवलास?" हे "जेवलास." असं पोचतं. मग त्याचे हात तुमच्या हातांवर ठेवून साइन करायची, शेवटी तळहातावर प्रश्नचिन्ह काढायचं, समोरचा कंटाळलाय की हसतोय हेही हाताने सांगायचं. याला टॅक्टाइल साइनिंग म्हणतात, आणि बेसिक कोर्सच्या जोरावर ते आपोआप येत नाही. दमछाक पण खूप होते, अर्ध्या तासात खांदे भरून येतात माझे.

ज्याला अजून थोडं दिसतंय त्याच्यासाठी पुन्हा वेगळी तऱ्हा. जवळ जाऊ नका, उलट दोन पावलं मागे सरका म्हणजे त्या नळीएवढ्या नजरेत तुमचे हात मावतील. साइन छातीपुढे छोट्या जागेत करा. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका. एकरंगी शर्ट घाला, हाताच्या रंगापेक्षा वेगळा उठून दिसेल असा, चेक्स आणि फुलाफुलांचे कुर्ते घरी ठेवा.

आणि एक ट्रॅप, यात मी स्वतः अडकलेय. यूट्यूबवर जे व्हिडिओ सापडतात ते बरेचसे अमेरिकन, तिथली बोटांची अक्षरं एका हाताची, हेलन केलरच्या तळहातावर काढायचे ती. आपली इंडियन साइनची बाराखडी दोन हातांची आहे, ब्रिटिश पद्धतीच्या जवळची, त्यात ए म्हणजे अंगठ्याचं टोक, ई तर्जनीचं, आय मधल्या बोटाचं, ओ अनामिकेचं, यू करंगळीचं, आणि हेच समोरच्याच्या हातावर टेकवलं की झाली डेफब्लाइंडची अक्षरं. मी आठवडाभर घासून एका हाताची शिकले आणि समोरच्याला त्यातलं काही कळेना. त्यामुळे आधी त्या माणसाला विचारा तो काय वापरतो, मग व्हिडिओ शोधा.

तिसरा पर्याय स्पेशल एज्युकेशनचा डिप्लोमा, दोन वर्षं, आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता, शेवटी रजिस्ट्रेशन नंबर मिळतो आणि त्यावर शिक्षक म्हणून नोकरी करता येते. यात बधिरांधता किंवा बहुविकलांगता हा विषय घ्यायचा. मुंबईत हे काम जुनं आहे, बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये हेलन केलर इन्स्टिट्यूट काढली ती भारतातली डेफब्लाइंड मुलांची पहिली शाळा मानतात. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, २००५ ची. वर म्हटलं तसं तिसरं लहान मूल तुमच्या डोळ्यासमोर असेल तर या पर्यायाला तोड नाही, कारण तिथे प्रश्न अक्षरांचा नसतोच, "आता काहीतरी होणार आहे" एवढं त्या मुलाला कळणं हीच पहिली पायरी असते. आंघोळीआधी दर वेळी हातात तोच मग द्यायचा, जेवणाआधी तोच चमचा, दिवसभरात काय काय होणार त्या वस्तू ओळीने खणांत ठेवायच्या आणि झालं की वस्तू "संपलं"च्या डब्यात टाकायची. ऐकायला सोपं वाटतं ना? महिनोन्‌महिने लागतात, आणि मुलाच्या हातावर हात ठेवून ओढायचं नाही, त्याचा हात वर आणि आपला खाली, हे अंगात मुरायला शिकवणारं माणूस सोबत लागतं. पण तुम्हाला मोठ्या माणसाला बँकेत, दवाखान्यात, लोकलने न्यायचंय तर त्यासाठी दोन वर्षं बीएड-डीएडसारखे लेसन प्लॅन लिहिण्यात घालवू नका, असं माझं मत.

ऑनलाइनचं पटकन सांगते. अमेरिकेतल्या ओपन हँड्स ओपन ॲक्सेस नावाच्या २७ मॉड्यूल्समध्ये भरपूर माहिती आहे, सगळी शाळेतल्या मुलांभोवती आणि तिथल्या सिस्टीमभोवती. वाचायला उत्तम, हाताला वळण मात्र लागत नाही. अहमदाबादची सेन्स इंडिया १९९७ पासून आपल्याकडे याच विषयात आहे, ठिकठिकाणच्या संस्थांमार्फत काम करते, तर तुमच्या जिल्ह्याजवळ कोण आहे ते त्यांना विचारणं जास्त कामाचं. टोरांटोत राहणारं कोणी हे वाचत असेल तर तिकडे इंटरव्हिनर, म्हणजे डेफब्लाइंड माणसाला सोबत करून आजूबाजूचं सगळं सांगणारा, हा चक्क पगारी पेशा आहे आणि जॉर्ज ब्राउन कॉलेजात त्याचं शिक्षण मिळतं, ब्रिटनमध्ये कम्युनिकेटर-गाइड म्हणतात. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा घरचे, शिक्षक आणि हौशी लोकच ओढतात.

आता जे या सगळ्यात कमी पडतं ते. चालणं. आंधळ्या माणसाला न्यायची पद्धत सोपी आहे, त्याने तुमचा हात कोपराच्या जरा वर धरायचा, तो अर्धं पाऊल मागे, अरुंद जागा आली की तुम्ही तो हात पाठीमागे न्यायचा म्हणजे तो आपसूक मागे येतो, जिना आला की थांबायचं, खुर्ची आली की तिच्या पाठीवर हात टेकवून द्यायचा. पण आंधळ्याला तुम्ही चालता चालता "पायरी आहे हं" म्हणता, इथे ते म्हणणार कशाने? त्याचा एक हात तुमच्या कोपरावर, दुसऱ्यात काठी. दादरच्या पुलावर उतरताना मी अर्ध्या जिन्यात माझ्या डेफब्लाइंड मित्राच्या हातात "गाडी लेट आहे" सांगायला गेले, त्याने साहजिकच बोलणं वाचायला कठडा सोडला आणि मागून कोणाची तरी बॅग येऊन त्याला आदळली. पडला नाही, पण नंतर भिंतीशी नेऊन त्याने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून नियम असा की चालायचं तर चालायचं, बोलायचं तर आधी भिंतीला किंवा खांबाला लागून उभं राहायचं. त्याला सोडून तिकीट काढायला जायचं तरी हात खांबावर ठेवून, किती मिनिटांत येते ते सांगून जायचं, मोकळ्या प्लॅटफॉर्मवर मधोमध उभं करून कधीच नाही. आणि पाठीवर मोठी फुली काढली की काही न विचारता चल, धोका आहे, ही खूण बऱ्याच देशांत चालते, पण तुमच्या माणसाशी ती आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी काढून उपयोग नाही.

डोळ्यांवर ओढणी आणि कानात बोळे घालून सरावाचं सेशन वर्कशॉपमध्ये असतं, मी ते चुलतभावाबरोबर सोसायटीच्या जिन्यात केलं. आपण गाइड म्हणून किती घाईत चालतो ते त्यात मस्त कळतं. डेफब्लाइंड असणं म्हणजे काय ते मात्र कळत नाही, दहा मिनिटांनी ओढणी सोडता येते हे आपल्याला माहीतच असतं.

तर माझं विचाराल तर, घरात म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी तळहातावर सुरू करा. साइनवाला मित्र किंवा नातेवाईक असेल तर बेसिक साइन कोर्स, आणि त्याच्या जोडीने आठवड्यातून एक दिवस त्याच्यासोबत बाहेर, नुसता कोर्स नको. लहान मुलांत काम किंवा नोकरी हवी असेल तर डिप्लोमा, डोळे झाकून. आणि कुठेही पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, शिकवणाऱ्यांत स्वतः डेफब्लाइंड असलेलं कोणी आहे का, आणि रस्त्यावर, स्टेशनवर प्रत्यक्ष चालायचे तास किती. "ते आम्ही स्लाइड्सवर दाखवतो" असं उत्तर आलं तर फीचं नंतर बघू म्हणून निघा.