तुरुंगातला वर्ग: पगारी शिक्षक की संस्थेचे स्वयंसेवक?

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात अधिकृत क्षमतेपेक्षा माणसं कितीतरी जास्त, आणि त्यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले. आज बाराखडी गिरवणारा उद्या तारखेला जातो, परवा जामिनावर सुटतो. अशा वर्गाला रोज येणारा माणूस हवा. स्वयंसेवक जीव ओतून शिकवतात, कैदी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतातही. पण देणगीदाराचा प्रकल्प संपला की वर्ग बंद. पगारी शिक्षकाचा खर्च सरकारी अंदाजपत्रकातून येतो, हजेरीपट पुढे चालू राहतो. मात्र पद मंजूर होणं वेगळं आणि भरलं जाणं वेगळं! मला विचाराल तर आधी पद भरा. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेचा अर्ज वेळेत भरून घ्यायलाही कुणीतरी कायमचं लागतंच. स्वयंसेवक त्याच्या जोडीला असावेत, त्याच्याऐवजी नकोत.