अराकू की दुकानातली चिकमंगळूर?

घरी कॉफीचा स्टीलचा फिल्टर आहे आणि इन्स्टंट कॉफी सोडायची असं ठरलंय, त्यांच्यासाठी हे. ठाण्यात आपल्यापुढे साधारण दोनच वाटा असतात. एक, नौपाड्याकडच्या एखाद्या दक्षिणी दुकानातून समोर दळून घेतलेली कर्नाटकातली चिकमंगळूर कॉफी. दुसरी, ऑनलाइन मागवलेलं अराकूचं पाकीट, म्हणजे आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी. माझ्याकडे दोन्ही बरीच वर्षं आलटून पालटून असायच्या.

दुकानातलीचे गुण आधी सांगतो. ताजी असते, स्वस्त पडते, संपली तर स्टेशनवरून येताना घेता येते. आणि दुधात ती सरसच. 80-20 मिश्रणाचा (80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ) जो दाट, तपकिरी कप होतो तो अराकूने होत नाही. आमच्याकडचे पाहुणे अराकूला अजून 'पातळ' म्हणतात.

अराकूबद्दल दोन टोकं ऐकू येतात. काही जण 'सबसिडीवरचा माल' म्हणून नाक मुरडतात, काही जण आदिवासींना मदत म्हणून घेतात. मला दोन्ही पटत नाही. कॉफीचं रोप लावल्यावर तीन-चार वर्षं हाताला काही लागत नाही. एक-दोन एकरवाल्याने तोवर खायचं काय? म्हणून तिथल्या पाडेरू गावची सरकारी आदिवासी विकास यंत्रणा आणि कॉफी बोर्ड रोपं, सावलीची सिल्व्हर ओक, लागवडीचा काही खर्च देतात. झाडांवर मिरीचे वेल चढवले की तेही उत्पन्न. पण कपातल्या चवीत उतरतं ते पल्परचं, म्हणजे फळाची साल काढायच्या यंत्राचं, अनुदान. पूर्वी फळं सालासकट अंगणात जमिनीवर वाळत पडायची, मातीचा वास धरायची आणि दलाल म्हणेल त्या भावाने जायची. आता पल्परवर साल काढून, धुऊन, नीट वाळवलेल्या बीला चव स्वच्छ येते, भावही बरा मिळतो, आणि खरेदीला आंध्र सरकारचं गिरिजन सहकारी महामंडळ उभं असतं. 2019 मध्ये अराकूला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते त्याच वेळी चिकमंगळूरलाही मिळालं, तेव्हा त्यावरून काही ठरवता येत नाही.

माझं ठरलं ते चिकोरीवरून. रात्री फिल्टर लावून झोपावं आणि सकाळी बघावं तर पाणी वरच्या भांड्यातच. चिकोरी फुगते आणि भोकांवर चिकट लगदा बसतो. मग चमच्याने टकटक, तरी नाही तर भांडं उलटं करून एकेक भोक टाचणीने मोकळं करायचं, तेही लोकल गाठायच्या घाईत! 'चिकोरी नको' म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा, 'थोडी तर लागतेच काका, नाहीतर रंग येत नाही,' म्हणत डावभर चिकोरी टाकून मोकळा. मिश्रणात ती 49 टक्क्यांपर्यंत चालते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. सुट्या पुडीवर कोण छापतंय? हट्टाने बिनचिकोरीची घेतली तर ही कटकट जाते, हे मान्य. मात्र मग किमतीतला फरकही फारसा उरत नाही.

आणि एकदा चिकोरी गेली की माणूस हळूहळू बिनदुधाची प्यायला लागतो. निदान माझं तसं झालं. तिथे अराकू मला उजवी वाटते: कडवटपणा कमी, शेवटी जराशी फळाची आंबटसर झाक. जिभेजिभेचा प्रश्न आहे, पण माझ्या डब्यात सध्या तीच असते.

अराकूची अडचण दळणाची. तयार पावडर आपल्या फिल्टरला बऱ्याचदा जाड पडते, पाणी भसकन खाली जातं. त्यापेक्षा बिया मागवा आणि मिक्सरवर थांबत थांबत फिरवा. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. पावसाळ्यात पाव किलोच्या वर तर नकोच. इथल्या दमट हवेत उघड्या पाकिटाचा सुगंध पंधरवड्यात उडतो. घरात सगळेच दुधाची पिणारे असतील, तर मात्र नौपाड्यातली बिनचिकोरीची घ्या, आणि दळताना समोर उभे राहा.