वर्षभराचं फायटो म्हणून १८,५०० घेतले आणि बाटलीत दिलं हिरवं पीठ

खाऱ्या पाण्याची टाकी असणाऱ्या आणि कोरलचं (प्रवाळाचं) फायटोसारखं खाद्य फोनवर मागवणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. माझे ४६,५५० रुपये गेले. त्यातले २८,७०० सरळ विक्रेत्याच्या घशात गेले आणि बाकीचे टाकीत मेले. लिहायची लाज वाटते, कारण मी नवखा नव्हतो.

माझं धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घरी ३०० लिटरची टाकी, तीन वर्षं चाललेली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो. त्या उन्हात पाणी २६ अंशांवर ठेवायचं, लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंप चालवायचा, उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आरओचं गोडं पाणी घालायचं, हे सगळं मी एकट्यानं केलंय. तांब्याचा अंश कोरलला विषासारखा, आणि माझा धंदाच तांब्याच्या तारेचा. म्हणून दुकानातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मी कधी टाकीला शिवलो नाही. अशा माणसाला फसवलं, यावरून समोरचा किती तयारीचा होता ते समजा.

टाकीत सगळी सॉफ्ट, म्हणजे मऊ अंगाची कोरल: लेदर, मशरूम, झोआ, केनिया ट्री. त्यांच्या अंगातच सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर त्यांचं बहुतेक पोट भागतं. वरचं खाद्य फक्त जोडीला. हे मला पाठ होतं, तरी हाव सुटली, कारण मला डेंड्रोनेफ्थिया हवं होतं. गुलाबी-केशरी, काचेसारखं दिसणारं कोरल. त्याच्या अंगात ते शैवाल नसतं, म्हणून उजेडाचा त्याला उपयोग नाही, सतत खायला लागतं. घरच्या टाकीत ते बहुधा काही आठवड्यांत झिजून जातं. विक्रेता म्हणाला, हे कोरल मुख्यतः फायटोवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतं, आणि तसं संशोधन झालंय. मी शोधलं, तर खरंच होतं. लाल समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावरचं ते काम १९९५ साली छापून आलंय. माणूस शास्त्र बरोबर सांगतोय म्हणजे मालही बरोबर देईल, असं मी धरून चाललो. खरी माहिती सांगून खोटा माल विकता येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फेब्रुवारीत त्यानं २५० मिलीची एक बाटली ६५० रुपयांना दिली. ती अस्सल होती. थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांसकट आली. फ्रिजमध्ये दोन दिवसांत तळाला गडद हिरवा थर बसायचा आणि रोज सकाळी बाटली हलकेच हलवावी लागायची. वास ओल्या गवतासारखा. रात्री पंप वीस मिनिटं बंद करून दिलं की लेदरचे पॉलिप, म्हणजे फुलासारखी बारीक तोंडं, पूर्ण फुलायचे. त्यानं टाकीचा फोटो मागितला, मी आनंदानं पाठवला.

मग एप्रिलमध्ये वर्षाची योजना पुढे आली. दर महिन्याला एक लिटर फायटो, सोबत झूप्लँक्टन (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) आणि अमिनो ॲसिड, सगळे मिळून १८,५००. डेंड्रोनेफ्थियाचे ७,२००. थंड वाहतुकीची ‘परत मिळणारी’ अनामत ३,०००. पैसे त्याच्या दुकानाच्या खात्यात नाही, एका बाईच्या बचत खात्यात मागवले. ‘जीएसटीचं काम चालू आहे’ म्हणाला. बिल नाही, खातं दुसऱ्याचं, आणि वर्षाचे पैसे आधी. यातली एक गोष्ट जरी दिसली तरी तिथेच थांबा. मला तिन्ही दिसल्या होत्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. कोरल आलंच नाही, ‘पुढच्या खेपेत’ असं कळवलं. पुठ्ठ्याचं खोकं, आत बर्फ नाही, बाटली हाताला गरम. जिवंत फायटो ४ अंशांवर ठेवायचं असतं. ती बाटली खानदेशच्या उन्हात दोन दिवस गाडीत भाजून आली होती. मी फोन केला. तो म्हणाला, ही नवी पद्धत आहे, उष्णता सोसते. मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. चार दिवस झाले तरी त्या बाटलीच्या तळाला ओळखीचा गडद थर बसला नाही. खाली पांढरट साका आणि वर पारदर्शक हिरवं पाणी. खऱ्या फायटोत हिरवा रंग पेशींचा असतो. पेशी खाली बसल्या की वरचं पाणी फिकं पडतं. इथे उलटं होतं. रंग पाण्यात होता आणि खाली बसलेलं पांढरं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आई फ्रिजमधून दूध काढताना म्हणालीसुद्धा, ‘भाऊ, हाई पानी शे का रंग शे?’ सत्तरीच्या बाईला एका नजरेत दिसलं. मी तिला म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. ओट्यावर सांडलेल्या थेंबाचा हिरवा डाग घासूनही गेला नाही, तरी मी मोजपात्र भरलं आणि टाकीत ओतलं.

का ओतलं? २८,७०० रुपये गेले हे कबूल करायची माझी तयारी नव्हती, एवढंच उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी पॉलिप मिटले. विक्रेता म्हणाला, कोरल नव्या खाद्याला सरावतायत, मात्रा दुप्पट करा. इथे नीट लक्ष द्या. खाद्य घातल्यावर कोरल मिटलं तर खाद्य बंद करायचं आणि पाणी बदलायचं. मात्रा वाढवायला सांगणारा तुमच्या टाकीचा वैरी आहे. मी दुप्पट केली. तिसऱ्या रात्री पाणी दुधासारखं पांढरं झालं. सकाळी क्लाउन माशांची जोडी तळाशी पडली होती. पिठावर जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, त्यात उन्हाळ्याची रात्र. मेलेल्या जिवांचा अमोनिया वर चढला आणि आठवड्यात झोआ, केनिया ट्री आणि तीन वर्षं वाढवलेलं लेदर सडलं. माशांचे २,४००, कोरलचे ११,३००, पाणी बदलायला लागलेल्या मिठाचे ४,१५०.

पीठ म्हणतोय ते अंदाजानं नाही. भाचा बीएस्सीला आहे. त्याच्या सरांनी सूक्ष्मदर्शक वापरू दिला. फेब्रुवारीच्या बाटलीत उरलेल्या थेंबात हिरव्या ठिपक्यांची गर्दी होती. नव्या बाटलीत एकही पेशी नाही, नुसते रंगहीन दाणे. आयोडीनचा थेंब टाकला, तर निळंकाळं. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग. बाटलीवर नॅनोक्लोरॉप्सिस या सूक्ष्म शैवालाचं नाव लिहिलं होतं आणि त्यात स्टार्च साठत नाही. टेट्रासेल्मिस हे दुसरं शैवाल असेल तर आयोडीनवर विसंबू नका, कारण त्यात स्टार्च असतो. तेव्हा सूक्ष्मदर्शकच बघा, जवळच्या कॉलेजात हात जोडून विचारा. घटक, तारीख आणि जातीचं नाव नसलेली बाटली तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मग मी तक्रारीला निघालो. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, ‘मासे मेले म्हणून एफआयआर?’ कोरल हा शब्द कानावर पडताच दुसरे साहेब म्हणाले, कोरल बाळगणं गुन्हा आहे, आधी तुमच्यावरच केस होईल. मी घाबरून परत आलो. रात्री वाचत बसलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून संरक्षण आहे ते रीफ बांधणाऱ्या कठीण कोरलना, काळ्या कोरलना, सी फॅन, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरलना. माझ्याकडचं एकही त्यातलं नाही. तो कायदा हवाच, मी त्याच्या बाजूचा आहे. पण हे विक्रेते आपल्या याच भीतीवर जगतात. आपण ठाण्याची पायरी चढणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

यादी छापून परत गेलो. सायबरकडे जा म्हणाले. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, पार्सलही मिळालं, हा व्यवहाराचा वाद आहे. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. पुन्हा ठाण्यात गेलो तर लॅबचा रिपोर्ट आणा म्हणाले. कोरलचं खाद्य तपासणारी लॅब धुळ्यात कुठे आहे, विचारलं, तर साहेब फोनवर बोलायला उठले. भाच्याच्या सरांची चिठ्ठी नेली, ती बघितलीही नाही. पाच फेऱ्या, पाच दिवस दुकान बंद, पाचही वेळा उभ्यानं बोललो. मोटारसायकल चोरीला गेली असती तर निदान कागद तरी झाला असता. बाटलीवर एक लिहून आत दुसरं भरायचं आणि पैसे घ्यायचे, याला भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागत नाही तर कशाला लागतं? माझी चूक एवढीच की मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर अकराव्या दिवशी फोन केला. पैसे गेल्याचं कळल्याच्या तासाभरात करा, खात्यात रक्कम असेतोवरच ती अडवता येते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज तयार केलाय. विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. उरलेली बाटली टेप लावून फ्रिजमध्ये ठेवलीय, तुम्हीही फेकू नका.

त्याचा जुना नंबर बंद आहे. परवा नाशिकच्या एका मित्रानं नव्या नंबरवरून आलेली जाहिरात दाखवली. तीच वर्षाची योजना, आता २२,००० रुपये. खाली ‘आमच्या ग्राहकाची टाकी’ म्हणून फोटो. मागे निळी भिंत, उजव्या कोपऱ्यात पंपाची पांढरी वायर, मधोमध पूर्ण फुललेलं लेदर. ती टाकी माझी आहे. ते लेदर मे महिन्यात मेलं.