चंदनाच्या वासापायी ८,२०० रुपये

भाच्याच्या लग्नात गुळगुळीत दाढी करून, चंदन लावून मिरवायचं, एवढीच हौस. मोबाईलवर जाहिरात आली: कनौजचं देग-भपक्याचं, म्हणजे तांब्याच्या भांड्यात जुन्या पद्धतीने वाफेवर काढलेलं, अस्सल चंदन अत्तर, १२ मिलीच्या तीन बाटल्या, वर दाढीचा साबण आणि आफ्टरशेव्ह, 'त्याच सुगंधात'. २,३५० रुपये, आगाऊ. साबण लव्हेंडरचा, आफ्टरशेव्ह पुदिन्याचं आणि अत्तर तिसरंच, अशी वासांची भांडणं मला सहन होत नाहीत. 'त्याच सुगंधात' वाचलं आणि घसरलो.

चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर जातं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं! म्हणजे ३६ मिलीचे नुसते तेलाचेच साडेतीन हजार. इथे बाटल्या, साबण, आफ्टरशेव्ह, घरपोच, सगळं मिळून २,३५०. पाचवीतल्या पोराने पकडलं असतं, आणि मी आयुष्यभर हिशेब लिहून पोट भरलंय. पण व्हिडिओत तांब्याची देग होती, बांबूची नळी होती, वाफ येत होती. त्यावर कुणीही भुललं असतं. बरं, कुणीही नाही. मी भुललो.

पार्सल आलं. बूच काढलं तर वास हॉलभर. आतून बायको म्हणाली, "अहो, अगरबत्ती कुणी लावली?" तिथे तरी डोळे उघडायला हवे होते. खरं चंदन असं अंगावर धावून येत नाही. आधी गप्प बसतं, त्वचेच्या उबेने हळूहळू उलगडतं आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळतं. हे तासाभरात उडालं. मी मात्र ते नुकत्याच दाढी केलेल्या गालांवर चोळून बसलो होतो. दोन्हीकडे लाल चट्टे, ते लग्नाच्या अल्बममध्ये कायमचे. नवीन अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. ताज्या दाढीवर तुरटी फिरवा, अत्तर नाही.

पैसे परत मागितले, तर दुसऱ्या दिवशी फोन. "सर, रिफंड के लिए बस पिन डालिए." पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः सासऱ्यांना शिकवलंय. ५,८५० गेले. गाल जळत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच म्हणतो.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन केला. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, तो पाठ झालाय. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, पोलिसांकडे जा. पोलीस ठाण्यात, हद्द कुठली यावर दोन तास. शेवटी हवालदार म्हणाले, "काका, अत्तरासाठी आठ हजार?" आणि शेजारचा हसला. अहो, चोरी चोरीच ना, अत्तराची असो की तुपाची! अर्ज तीनदा लिहून घेतला. ग्राहक हेल्पलाइनवाले म्हणतात, विक्रेत्याचा पत्ता द्या. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? पुन्हा बँकेत गेलो, तर साहेब बदलून गेलेले, नवे म्हणाले, नव्याने अर्ज करा. केला.

लगेच १९३० लावा, उशीर करू नका. पेटी उघडतानाचा व्हिडिओ घ्या. मी घेतला नव्हता. आणि चंदन घ्यायचंच तर दुकानात जा, मनगटावर लावून घ्या, चहा पिऊन या, मग पाकीट काढा.

काल तीच बाटली वेगळ्या नावाने पुन्हा दिसली. आता १,९९९ ला.