चाकाचा वेग मोजायचाय: ओबीडी, एबीएसची वायर की वेगळा सेन्सर?

इंदुरात इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी चारही चाकांचा वेग नोंदवायचा ठरला, की मुलं आधी बाजारात सेन्सर शोधू लागतात. एप्रिल 2019 पासून भारतात नव्या कारना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची आहे; म्हणजे सेन्सर प्रत्येक चाकाशी बसलेलाच असतो. त्याचा आकडा कुठून घ्यायचा, एवढंच ठरवायचं.

ओबीडी पोर्ट, म्हणजे स्कॅनर लावून गाडीची माहिती वाचायचं सॉकेट, सगळ्यांत सोपा. मात्र साध्या स्कॅनरवर दिसतो तो अख्ख्या गाडीचा वेग, तोही पूर्ण किलोमीटरमध्ये. चाकं सुटी हवीत तर एबीएस युनिट वाचणारा स्कॅनर लागतो, नाहीतर कॅन बसवरचे, म्हणजे गाडीतली युनिट्स जोडणाऱ्या वायरवरचे, संदेश उलगडावे लागतात, आणि ते कंपनीगणिक निराळे. खटपट आहे, पण रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी मी हाच मार्ग सांगेन, कारण ब्रेकच्या वायरिंगला हात लागत नाही.

थेट सेन्सरच्या वायरवर मात्र चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगचा एकेक दात मोजता येतो. 185/65 आर15 टायरचा घेर सुमारे 1.95 मीटर. रिंगला 48 दात धरले तर दातामागे चार सेंटिमीटर, आणि ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला साधारण 410 पल्स. ब्रेक मारताना चाक लॉक व्हायला लागतं तो क्षण इथे फार स्पष्ट पकडता येतो.

पण आधी सेन्सरची जात ओळखा. कॉइल आणि मॅग्नेटचा जुना सेन्सर स्वतःच व्होल्टेज तयार करतो. चाक मंदावलं की सिग्नल विरतो, पायी चालण्याच्या वेगाला त्यावर भरवसा नाही. ॲक्टिव्ह सेन्सरला एबीएस युनिट वीज पुरवतं. तो करंट साधारण 7 आणि 14 मिलिअँपिअरमध्ये बदलतो आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत मोजत राहतो. दोन्हींत वायर कापून मध्ये काही घालू नका. हाय इम्पीडन्स बफर, म्हणजे सिग्नलमधून जवळजवळ करंट न ओढणारं सर्किट, लावा. सिग्नलवर भार पडला की एबीएसचा दिवा लागतो आणि एबीएस बंद होतं. अशी गाडी एबी रोडच्या गर्दीत अजिबात नेऊ नका. चाचणी बंद ट्रॅकवरच करा. पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहेच, तिथे रीतसर परवानगीची चौकशी करा.

एबीएस नसलेल्या बग्गीला (प्रोजेक्टसाठी बनवलेल्या छोट्या मोटारगाडीला) वेगळा सेन्सर लावावाच लागतो. तिथे ब्रॅकेट पक्कं हवं, आणि पावसाळ्यात माळव्याची काळी माती दातांत भरते, ती काढत राहावं लागतं.

फोनचा जीपीएस चाकाचा वेग सांगत नाही, पण आकडे ताडून बघायला कामाचा. टायरमध्ये हवा नीट भरा आणि सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने जुळवा. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं.