एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन: कॉइलओव्हर राहू दे, आधी रिबिल्ड किट

माझी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, १९७२ची. ब्रेक दाबला की डावीकडे पळायची आणि खड्ड्यात गेली की पुढून कोणी दार ठोठावल्यासारखा आवाज यायचा. जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं, तर किंगपिनमध्ये, म्हणजे ज्या पिनेभोवती पुढचं चाक वळतं तिच्यात, प्ले (ढिलेपणा) होता आणि खालच्या आर्मच्या सांध्यातल्या रबर बुशांचा भुगा झालेला. भाचा म्हणाला, "मामा, हे जुनं झेंगट काढ आणि कॉइलओव्हर टाक." कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेलं एकत्र युनिट. मलाही मोह झालाच होता.

पण या गाडीत एक गोम आहे. तिचा लिव्हर आर्म शॉकअप, म्हणजे दांड्याने चालणारा जुन्या धाटणीचा, हा नुसता शॉकअप नसतो, वरच्या विशबोनचं (चाकाला वरून धरणाऱ्या आर्मचं) कामही तोच करतो. टेलिस्कोपिक (नळीसारख्या) शॉकअपच्या बऱ्याच स्वस्त किटमध्ये हा जुना आर्म जागेवरच राहतो. म्हणजे त्याच्या शाफ्टची झीज तशीच, वर नवा शॉकअप मिरवायला. पूर्ण कॉइलओव्हर घेतला तर किंगपिनसकट सगळं बदलतं, पण मला रेसला जायचं नाही. शिवाय झिजलेल्या सांगाड्यावर गाडी मुळात कशी चालायची हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून किंगपिन, थ्रस्ट वॉशर आणि बुशांचं रिबिल्ड किट मागवलं.

बुश पॉलियुरेथेनचे न घेता एमजीबी जीटी व्ही८ला (याच गाडीच्या आठ सिलिंडरच्या भावंडाला) यायचे ते घेतले, आत धातूची नळी असलेले. पॉलियुरेथेन टिकाऊ असतं, पण ग्रीस कमी पडलं तर करकरतं. मला गाडी हवी होती, झोपाळा नव्हे.

किटातल्या वस्तू चांगल्या. बुश बसवताना हातोडी लागली नाही, प्रेसने सरळ गेले. तक्रार सूचनापत्रकाची. किंगपिनचे नवे बुश दाबून बसवल्यावर रीमरने (भोक मापात कापायच्या हत्याराने) नेमक्या मापाला आणावे लागतात, यावर त्यात अवाक्षर नाही. मी पिन घालायला गेलो तर ती अर्ध्यातच अडकली. शेवटी स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर बसतं ते भाग) उचलून मशीन शॉपमध्ये न्यावे लागले आणि दोन शनिवार गेले.

दुसरी चूक माझीच. गाडी जॅकवर, आर्म खाली लोंबकळत असताना खालच्या आर्मचे नट आवळले. तसं केलं की गाडी चाकांवर उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सगळे सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, मग पुन्हा आवळले. आणि हो, स्प्रिंग काढताना खालच्या पॅनखाली (स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या थाळीखाली) ट्रॉली जॅक असायलाच हवा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जायचा.

अलाइनमेंट करून निघालो. आवाज गेला, ब्रेकला गाडी सरळ थांबते, स्टीअरिंग हलकं झालंय. भाच्याने चालवून पाहिली आणि कॉइलओव्हरचं नाव काढलं नाही. आता दर ५००० किलोमीटरला दोन्ही बाजूंच्या तीन-तीन निपलांना ग्रीसगन लावायची, तीही चाक उचलून, म्हणजे ग्रीस आतपर्यंत पोचतं.

किटाला पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या सूचनापत्रकाने घालवले. उजव्या लिव्हर आर्मखाली मात्र तेलाचा ओला डाग दिसायला लागलाय. तो भाग किटात नव्हता. रिकंडिशन्ड युनिट मागवलंय, आलं की पुन्हा लिहितो.